लिनक्स बसलंय, पण फर्मवेअरला दिसत नाहीये

इन्स्टॉलर शेवटपर्यंत गेला, काम झालं म्हणाला, पेनड्राइव्ह काढून मशीन रिस्टार्ट केलं आणि समोर विंडोज हजर. लिनक्सचा मागमूस नाही. अशा वेळी बहुतेक जण पेनड्राइव्ह परत लावून पहिल्यापासून इन्स्टॉल करायला बसतात, आणि पुन्हा तेच होतं. खरं तर लिनक्स पहिल्याच खेपेला नीट बसलेलं असतं. फर्मवेअरकडे, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यांत आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरकडे, त्याचा पत्ता नसतो, एवढंच. हा पत्ता कुठे लिहिला जातो आणि कशाने पुसला जातो हे कळलं, की यूईएफआय या नव्या पद्धतीच्या फर्मवेअरवरच्या बहुतेक तक्रारी सुटायला पाच मिनिटं लागतात.

(आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांतच टाइप करायची.)

जुन्या बायोसला, म्हणजे यूईएफआयच्या आधीच्या फर्मवेअरला, फाइल नावाची गोष्टच कळत नसे. तो डिस्कचा पहिला सेक्टर उचलायचा, त्यातला ४४६ बाइटांचा कोड चालवायचा आणि हात झटकायचा. त्याच सेक्टरमध्ये पार्टिशनचा तक्ता असायचा, त्यात जागा चारच प्रायमरी पार्टिशनना, आणि ५१२ बाइटांच्या सेक्टरमुळे डिस्क २ टीबीच्या पुढे वापरता येत नसे. यूईएफआयला मात्र फॅट फाइलसिस्टिम वाचता येते. म्हणून जीपीटी या नव्या पद्धतीच्या पार्टिशन तक्त्याच्या डिस्कवर एक छोटं फॅट३२ पार्टिशन ठेवतात, त्याचं नाव ईएफआय सिस्टिम पार्टिशन, बोलीभाषेत ईएसपी. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम तिथे आपलं फोल्डर करते: मायक्रोसॉफ्टचं वेगळं, उबंटूचं वेगळं, फेडोराचं वेगळं. बायोसच्या काळात जो शेवटी बसेल तो पहिल्या सेक्टरवर कब्जा करायचा. इथे सगळे शेजारी शेजारी राहू शकतात.

पण नुसती फाइल असून भागत नाही. मदरबोर्डवरच्या एनव्हीरॅम नावाच्या छोट्या मेमरीत त्या फाइलची नोंद लागते: अमुक पार्टिशन, त्यातली अमुक फाइल, आणि मेनूत दिसायचं अमुक नाव. त्या नोंदींचा क्रमही तिथेच साठवलेला असतो. नोंद नसेल तर फर्मवेअर शेवटचा उपाय म्हणून ईएसपीतल्या ईएफआय/बूट या फोल्डरमध्ये बूटएक्स६४.ईएफआय ही ठरलेली फाइल शोधतं. पेनड्राइव्हवरून बूट होतं ते याच ठरलेल्या नावामुळे. पुढचं सगळं या तीन गोष्टींभोवती फिरतं: फाइल, नोंद आणि ठरलेली जागा.

आधी विंडोजकडे

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवायचं असेल, तर पेनड्राइव्हला हात लावण्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय, बघा. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर ते मालकाला न विचारता चालू झालेलं असतं. सिक्युअर बूटची (फक्त ओळखीची सही असलेले बूट प्रोग्राम चालू देणाऱ्या सोयीची) सेटिंग बदलली की किल्ल्या सांभाळणाऱ्या टीपीएम चिपला मशीन वेगळं वाटतं, ती डिस्कची किल्ली सोडत नाही आणि विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. आधीच कागदावर उतरवून ठेवा. लॅपटॉपच बंद पडला तर त्याच लॅपटॉपवरच्या फाइलचा काय उपयोग? त्यानंतर कंट्रोल पॅनलमधून बिटलॉकर काही काळ थांबवा.

दुसरं म्हणजे फास्ट स्टार्टअप. हे चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि विंडोजचं एनटीएफएस पार्टिशन उघडं राहतं. लिनक्स ते नुसतं वाचू देतं किंवा जोडायलाच नकार देतं. जबरदस्तीने लिहिलंत तर डेटा बिघडू शकतो. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि पॉवरसीएफजी /एच ऑफ ही आज्ञा द्या. त्याने हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही जातात, शिवाय हायबरनेशनच्या फाइलने अडवलेली काही जीबी जागाही सुटते.

जागा करायची ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून, सी ड्राइव्ह श्रिंक करून. २०० जीबी मोकळी दिसत असताना ते ३० जीबीच सोडत असेल, तर मध्ये कुठेतरी न हलणारी फाइल बसलेली आहे, बहुधा पेजफाइल. पेजफाइल तात्पुरती बंद करा, रिस्टार्ट करा, पुन्हा श्रिंक करा. रोजच्या वापराला लिनक्ससाठी ४० ते ५० जीबी असावेत. सुटलेली जागा तशीच मोकळी ठेवा, तिथे विंडोजमधून नवं पार्टिशन बनवू नका.

तिसरी अडचण इन्स्टॉलरमध्ये उघडकीला येते: डिस्कच दिसत नाही. इंटेलच्या मशीनवर एनव्हीएमई डिस्क आरएसटी किंवा व्हीएमडी या व्यवस्थेमागे लपलेली असते. लिनक्सच्या नव्या कर्नलना (सिस्टिमच्या गाभ्याला) व्हीएमडी कळतं, पण डिस्क आरएसटीखाली गुंतवलेली असेल तर एएचसीआय या साध्या डिस्क मोडवर जाण्यावाचून इलाज नाही. ती सेटिंग थेट बदललीत तर विंडोज निळा पडदा दाखवून बसतं, कारण बूट होताना त्याने नवा ड्रायव्हर चढवलेलाच नसतो. त्यासाठी विंडोजमध्ये बीसीडीएडिट या आज्ञेने पुढचं बूट सेफ मोडमध्ये होईल असं ठरवा, रिस्टार्ट करून फर्मवेअरमध्ये एएचसीआय निवडा, सेफ मोडमध्ये एकदा विंडोज येऊ द्या, आणि तिथून तीच सेफबूटची नोंद काढून टाका. सेफ मोडमध्ये ड्रायव्हर आपोआप चढतो.

पेनड्राइव्ह कोणत्या मोडमध्ये सुरू झाला?

आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलरची फाइल, उतरवल्यावर तिचा एसएचए२५६ हा तपासणीचा आकडा जुळवून बघा. अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉल करताना मधेच भलत्याच ठिकाणी अडते आणि माणूस फर्मवेअरला दोष देत राहतो. पेनड्राइव्ह बनवायला विंडोजवर रुफस वापरत असाल तर पार्टिशनची पद्धत जीपीटी आणि टार्गेट यूईएफआय निवडा. आयएसओ मोडमध्ये लिहिलेला पेनड्राइव्ह बूट झाला नाही तर डीडी मोडमध्ये लिहून बघा. लिनक्सवर डीडी आज्ञा पुरते, मात्र डिस्कचं नाव दोनदा वाचा. व्हेंटॉय हे पेनड्राइव्ह बनवायचं दुसरं साधन सोयीचं आहे, पण सिक्युअर बूट चालू असेल तर पहिल्या खेपेला त्याची की मशीनमध्ये नोंदवावी लागते. निळा पडदा आला म्हणून घाबरू नका, तो त्यासाठीच असतो.

बूट मेनूची कळ मशीनप्रमाणे बदलते: एफ१२, एफ९, एफ११, एस्केप. काहीच लागू पडत नसेल तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून रिस्टार्टवर क्लिक करा. फर्मवेअरमधलं फास्ट बूट यूएसबी पोर्ट जागेच करत नाही, त्यामुळे पेनड्राइव्ह मेनूत दिसत नसेल तर आधी ते बंद करा.

आता मुद्द्याची गोष्ट. थोड्या जुन्या मशीनवर बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसतं नाव आणि एकदा नावाआधी यूईएफआय लिहिलेलं. दुसराच निवडायचा. पहिला निवडला तर सीएसएम नावाचा जुन्या बायोसचा मुखवटा चढतो, लिनक्स त्या मोडमध्ये बसतं आणि यूईएफआयमधल्या विंडोजशी त्याची कधीच गाठ पडत नाही. ग्रबच्या, म्हणजे लिनक्सच्या बूटलोडरच्या, मेनूतून विंडोज उघडत नाही, विंडोजच्या बाजूने लिनक्स दिसत नाही. फर्मवेअरमध्ये सीएसएम किंवा लेगसी हा पर्याय असेल तर तो सरळ बंद करून टाका, म्हणजे चुकायला वावच राहत नाही. विंडोज स्वतः लेगसी मोडमध्ये बसवलेलं असेल तर मात्र हात आवरा. ते कळायला विंडोजमध्ये एमएसइन्फो३२ उघडून बायोस मोड वाचा.

पेनड्राइव्हवरची लाइव्ह सिस्टिम (इन्स्टॉल न करता चालणारं लिनक्स) उघडल्यावर टर्मिनलमध्ये /सिस/फर्मवेअर/ईएफआय हे फोल्डर आहे का बघा. असेल तर यूईएफआय मोड, नसेल तर रिस्टार्ट. त्याच फोल्डरमधल्या एफडब्ल्यू_प्लॅटफॉर्म_साइझ या फाइलीत ६४ किंवा ३२ लिहिलेलं असतं. काही जुन्या ॲटम टॅबलेटमध्ये प्रोसेसर ६४ बिटांचा आणि फर्मवेअर ३२ बिटांचं अशी विचित्र जोडी आहे. त्यांना बूटआयए३२.ईएफआय ही फाइल असलेलीच आयएसओ लागते. आणखी एक खूण: इन्स्टॉलर १ एमबीचं 'बायोस बूट' पार्टिशन मागू लागला तर तुम्ही चुकीच्या मोडमध्ये आहात. ते पार्टिशन बनवून पुढे जाऊ नका, मागे फिरा.

पार्टिशन

मोकळ्या जागेत रूटसाठी एक एक्स्ट४ पार्टिशन केलं तरी काम भागतं. होम वेगळं ठेवायचं की नाही हा आवडीचा प्रश्न आहे. स्वॅपसाठी हल्ली फाइल पुरते.

लक्ष द्यायचं ते ईएसपीकडे. ते आधीपासून असतं, तेच वापरायचं, /बूट/ईएफआय या ठिकाणी जोडायचं आणि फॉरमॅटच्या चौकटीत खूण चुकूनही करायची नाही. फॉरमॅट झालं तर विंडोजची बूट फाइल जातेच, शिवाय पार्टिशनचा आठ अक्षरी यूयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, बदलतो. त्यामुळे आधीचं एखादं लिनक्स असेल तर त्याच्या एफएसटॅबमधली (पार्टिशन कुठे जोडायची त्या यादीतली) ओळ खोटी ठरते आणि ते इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन अडकतं.

विंडोजने बनवलेलं ईएसपी बहुतेक वेळा १०० एमबीचं असतं, काही लॅपटॉपवर २६० एमबीचं. उबंटू, मिंट, डेबियन, फेडोरा यांना तेवढं भरपूर झालं, कारण ते ईएसपीत फक्त शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम) आणि ग्रब ठेवतात, काही एमबींचा मामला. कर्नल राहतो /बूटमध्ये. ग्रबऐवजी सिस्टिमडी-बूट वापरणाऱ्या पॉप ओएससारख्या डिस्ट्रो (लिनक्सचे प्रकार) मात्र कर्नल आणि त्याला सुरुवातीला लागणारी इनिटरॅमएफएस फाइल दोन्ही ईएसपीतच टाकतात, आणि १०० एमबी दुसऱ्याच अपडेटला भरतात. ईएसपीच्या मागे लगेच विंडोजचं १६ एमबीचं राखीव पार्टिशन चिकटलेलं असल्यामुळे ते वाढवणं किचकट होतं. त्यापेक्षा मोकळ्या जागेत १ जीबीचं दुसरं ईएसपी करा. एका डिस्कवर दोन ईएसपी असण्याला यूईएफआयची हरकत नाही. नव्या कोऱ्या डिस्कवर तर सुरुवातीलाच १ जीबी द्या.

दोन डिस्क असतील तर एक जुना सापळा आहे. उबंटूचा जुना इन्स्टॉलर, जो मिंटनेही घेतला, बूटलोडर कोणत्या डिस्कवर टाकायचा हे विचारतो आणि यूईएफआय मोडमध्ये ते उत्तर बाजूला ठेवून सापडलेल्या पहिल्या ईएसपीतच टाकतो. बाहेरच्या एसएसडीवर लिनक्स बसवलं, एसएसडी काढली, आणि लॅपटॉप ग्रबच्या काळ्या प्रॉम्प्टवर अडला, याचं मूळ इथे असतं. इन्स्टॉल करण्याआधी जीपार्टेडमध्ये आतल्या डिस्कच्या ईएसपीवरचे बूट आणि ईएसपी हे फ्लॅग काढा, काम झालं की परत लावा. उघडता येणारं मशीन असेल तर आतली डिस्क तात्पुरती काढून ठेवणं सगळ्यात खात्रीचं.

सिक्युअर बूट

ते बंद केल्याशिवाय लिनक्स चालत नाही, हा सल्ला जुना झाला. उबंटू, फेडोरा, डेबियन, ओपनसुसे हे सगळे मायक्रोसॉफ्टने सही केलेला शिम वापरतात. फर्मवेअर शिमला ओळखतं, शिम ग्रबला, ग्रब कर्नलला. आर्चसारख्या डिस्ट्रोच्या आयएसओवर अशी सही नसते, तिथे बंद करावं लागतं किंवा स्वतःच्या की भराव्या लागतात. काही नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टची थर्ड पार्टी की मुळातच बंद ठेवलेली असते. उबंटूचा पेनड्राइव्हसुद्धा नाकारला जात असेल तर फर्मवेअरच्या सिक्युरिटी पानावर हा पर्याय शोधून चालू करा.

खरी अडचण येते एनव्हिडिया आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या ड्रायव्हरची. हे मोड्युल तुमच्या मशीनवर तयार होतात, त्यामुळे त्यांच्यावर सहीही तुमच्याच कीने होते, आणि ती की (तिलाच एमओके म्हणतात) मशीनला ओळखीची करून द्यावी लागते. इन्स्टॉलर एक पासवर्ड विचारतो. रिस्टार्टनंतर एक निळा पडदा येतो, तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. हा पडदा दहा सेकंदच थांबतो. चहा आणायला उठलात तर तो गेला, ड्रायव्हर चढला नाही, आणि मोकयुटिल या आज्ञेने विनंती पुन्हा टाकावी लागते. तिथला कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा धरलेला असतो, म्हणून पासवर्ड साध्या अक्षरांचा ठेवा. सिक्युअर बूट चालू असताना बऱ्याच डिस्ट्रोंवर हायबरनेट होत नाही, तो बिघाड नव्हे. कर्नल लॉकडाउन या कडक मोडमध्ये असल्यामुळे ते मुद्दाम अडवलेलं असतं.

ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर अनेक ड्युअल बूट मशीनवर एसबॅट पडताळणी (शिम जुना तर नाही ना ही तपासणी) फसल्याचा संदेश येऊन लिनक्स थांबलं. जुन्या शिमवर बंदी घालणारी यादी त्या अपडेटने एनव्हीरॅममध्ये लिहिली होती. अजूनही जुन्या पेनड्राइव्हवर हा संदेश दिसू शकतो. सिक्युअर बूट बंद करून लिनक्समध्ये जा, मोकयुटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट चालवा, रिस्टार्ट करून लिनक्समध्ये एकदा परत या, शिम अपडेट करा, मग सिक्युअर बूट चालू करा. शिमवर सही करणारं २०११ चं सर्टिफिकेट जून २०२६ पर्यंतचं आहे, त्याची जागा २०२३ च्या सर्टिफिकेटने घेतली. आधी सही झालेले शिम त्यामुळे बंद पडत नाहीत, कारण फर्मवेअर सहसा मुदत तपासत नाही. मात्र नव्या सर्टिफिकेटच्या सहीचा शिम ओळखायला ते मशीनमध्ये असावं लागतं, म्हणून फर्मवेअरचे अपडेट टाळू नका.

बसलं, पण दिसत नाही

आता सुरुवातीचा प्रसंग. आधी बूट मेनू उघडून उबंटू किंवा फेडोरा असं नाव आहे का बघा. असेल तर फक्त क्रम बदलायचा आहे, फर्मवेअरच्या सेटिंगमधून किंवा लिनक्समध्ये ईएफआयबूटएमजीआर -ओ देऊन. नुसती ईएफआयबूटएमजीआर -व्ही ही आज्ञा सगळ्या नोंदी, त्यांचे क्रमांक आणि प्रत्येक नोंद कोणत्या पार्टिशनकडे बोट दाखवते ते सांगते. नोंदीत पार्टिशनची स्वतःची खूण लिहिलेली असते, त्यामुळे ईएसपी मोडून त्याच जागी नवं केलं, फाइलीही जागच्या जागी ठेवल्या, तरी जुनी नोंद पोकळ ठरते.

नावच नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्ह यूईएफआय मोडमध्ये सुरू करा, ईएसपी जोडा आणि फाइल आहे का बघा. असेल तर नवी नोंद लावा: -सी ने नवी नोंद, -डी ने डिस्क, -पी ने पार्टिशनचा क्रमांक, -एल मोठ्या लिपीत दिला तर नाव आणि छोट्या लिपीत दिला तर फाइलचा रस्ता. रस्त्यात तिरप्या रेघा विंडोजसारख्या उलट्या, आणि सगळं एकेरी अवतरणात, नाहीतर शेल त्या रेघा गिळतं. सिक्युअर बूट चालू असेल तर रस्ता शिमचा द्या, ग्रबचा नको.

फाइलच नसेल तर सीएचरूट करावं लागेल, म्हणजे पेनड्राइव्हवरून बसलेल्या लिनक्सच्या आत शिरावं लागेल. रूट पार्टिशन /एमएनटीवर, त्याच्या आत ईएसपी, मग डेव्ह, प्रॉक, सिस आणि त्यातलं ईएफआयव्हार्स बाइंड करून आत शिरायचं आणि ग्रब-इन्स्टॉल चालवायचं. ईएफआय व्हेरिएबल चालत नाहीत अशी कुरकुर झाली तर एक तर ईएफआयव्हार्स जोडायचं राहिलं किंवा पेनड्राइव्ह लेगसी मोडमध्ये उघडला. फेडोरावर ग्रब२-इन्स्टॉल चालवू नका, सही नसलेली फाइल तयार होते. तिथे शिम आणि ग्रबची पॅकेजेस पुन्हा इन्स्टॉल करायची.

ग्रबच्या मेनूत विंडोज नसेल तर कारण साधं आहे. ग्रब २.०६ पासून डिस्कवरच्या दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंद असतो. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रबमध्ये ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर हे फॉल्स करा आणि ग्रबची फाइल पुन्हा बनवा. बिटलॉकर असलेलं विंडोज मात्र ग्रबमधून उघडल्यावर रिकव्हरी की मागू शकतं, कारण मधल्या साखळीमुळे टीपीएमचं मोजमाप बदलतं. अशा मशीनवर विंडोज फर्मवेअरच्याच बूट मेनूतून उघडावं.

काही लॅपटॉपचं फर्मवेअर हट्टी असतं, क्रम कितीही बदला, विंडोज बूट मॅनेजरशिवाय कुणाला जुमानत नाही. आधी सेटिंगमध्ये कस्टम बूट पाथ द्यायची सोय आहे का बघा. नसेल तर विंडोजमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून बीसीडीएडिटने बूटमॅनेजरचा पाथ शिमकडे वळवा. पॉवरशेलमध्ये महिरपी कंस अवतरणात घालावे लागतात, कमांड प्रॉम्प्टमध्ये नाही. मायक्रोसॉफ्टच्या फाइलचं नाव बदलून तिथे ग्रब बसवायचा सल्ला कुठे वाचलात तर सोडून द्या. पुढचा विंडोज अपडेट ती फाइल परत लिहितो आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर.

फर्मवेअर अपडेट केलं किंवा सीएमओएसची बॅटरी काढली की काही मशीनवर एनव्हीरॅममधल्या सगळ्याच नोंदी जातात. म्हणून ठरलेल्या जागेतही एक प्रत ठेवावी. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये तसा पर्याय आहे, ग्रब-इन्स्टॉलला --रिमूव्हेबल देऊनही होतं, आणि बाहेरच्या एसएसडीला तर ते हवंच. ईएफआय/बूट या फोल्डरमध्ये शिमच्या शेजारी एफबीएक्स६४.ईएफआय असेल, तर ती फाइल प्रत्येक डिस्ट्रोच्या फोल्डरमधली सीएसव्ही वाचून हरवलेल्या नोंदी स्वतःच परत लावते. तेव्हा मशीन एकदा आपणहून रिस्टार्ट होतं, आणि पुढच्या खेपेला ग्रबचा मेनू समोर येतो.